नग ४२, पण कसले?

पीथमपूर, सांवेर रोड, पालदा आणि देवास इथल्या कारखान्यांचे मालक, व्यवस्थापक आणि विशेषतः ज्यांच्या सहीने घातक कचऱ्याची गाडी गेटाबाहेर पडते ती मंडळी,

स. न. वि. वि.

मी इंदूरचाच. घातक कचरा वाहणाऱ्या एका ट्रान्सपोर्टरकडे कागदपत्रं सांभाळतो. तुमचे मेनिफेस्ट (कचऱ्याबरोबर जाणारा फॉर्म), ट्रेम कार्ड (अपघात झाला तर काय करायचं ते सांगणारं कार्ड), बिल्टी, काट्याची पावती, सगळं माझ्या टेबलावरून पुढे जातं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांशी फोनवर रोज बोलणं होतं, कधी गोडीने, कधी आवाज चढवून. फोनवर सांगून सांगून थकलो म्हणून आता सगळ्यांना एकदमच लिहितोय. विषय एकच आहे, मेनिफेस्टचा अकरावा रकाना.

२०१६ च्या घातक कचरा नियमांमधला फॉर्म १०, म्हणजे हाच मेनिफेस्ट, तुम्हाला पाठ असेल. दहाव्या रकान्यात कचऱ्याचं वर्णन, अकराव्यात एकूण प्रमाण आणि किती कंटेनर, बाराव्यात तो घट्ट आहे, पातळ आहे, स्लज म्हणजे गाळ आहे की डांबरासारखा आहे. या तीन ओळी नीट भरल्या तर गाडीत काय आहे ते गाडी न उघडता कळतं. प्रत्यक्षात माझ्याकडे येतं ते असं: ‘मिक्स वेस्ट, ८.४ टन, नग ४२.’ काही जण गाडीच मोजतात आणि ‘१’ लिहितात. काही जण पॅलेट मोजतात, म्हणजे चार ड्रम एकत्र स्ट्रेच फिल्ममध्ये गुंडाळले की त्यांचा एक नग. काही जण सरळ रेघ मारतात. आणि एका कारखान्याचा, नाव घेत नाही, ठरलेला आकडा आहे. गाडी छोटी असो वा मोठी, नग वीसच. बहुधा कधीकाळी बनवलेल्या फाइलवरच तारीख बदलून प्रिंट काढतात.

आता त्या ‘नग ४२’ ची गोष्ट सांगतो, म्हणजे मी कशाबद्दल बोलतोय ते कळेल. मे महिना, दुपारची वेळ, गाडी भरून आमच्या यार्डात आली होती आणि संध्याकाळी निघायची होती. ड्रायव्हरने मागची फळी उघडली आणि मला हाक मारली. आत पुढच्या बाजूला लोखंडी ड्रम होते, उघड्या तोंडाचे, वर झाकण आणि रिंग. त्यातल्या काहींच्या रिंगेला बोल्टच नव्हता, तारेने आवळलेलं. मध्ये निळे प्लॅस्टिकचे दोनशे लिटरचे ड्रम. त्यांच्यावर मूळ मालाची लेबलं तशीच, कशावर रेझिन, कशावर साबणाचं कच्चं द्रावण. आपलं घातक कचऱ्याचं पिवळं लेबल फक्त बाहेरच्या रांगेला चिकटवलेलं. मागे पन्नास लिटरचे कारबॉय, म्हणजे अरुंद तोंडाचे कॅन, एकावर एक, आणि उरलेल्या फटीत दोन जंबो बॅगा कोंबलेल्या. एका निळ्या ड्रमचा तळ फुगून बाहेर आला होता, तो सरळ उभाच राहत नव्हता. शेजारच्या कारबॉयला टेकला होता, आणि त्या कारबॉयचं बूच वासावरून तरी घट्ट नव्हतं. कागदावर या सगळ्याला मिळून दोन शब्द होते. नग ४२. मोजले तर ४५ निघाले.

गाडी त्या दिवशी गेली नाही. कारखान्यातून फोन आला, ‘अहो, वजन तर बरोबर आहे ना?’

वजन बरोबर होतं. पण वजन डोळ्यांना दिसत नाही. टनाचा आकडा काट्यावर दिसतो, आणि काटा दोन ठिकाणी असतो, निघताना आणि पोचताना. मधल्या रस्त्यावर, घाटात, टोलवर, ढाब्यामागे, पलटलेल्या गाडीशेजारी, वजनाचा काही उपयोग नसतो. तिथे उभा असलेला माणूस, मग तो पोलीस असो, फायर ब्रिगेडचा असो की आमचा क्लीनर, त्याला फक्त डबे दिसतात. डबे किती, कसले, कोणत्या रंगाचे, त्यातले किती रस्त्यावर आहेत आणि किती अजून गाडीत, एवढंच त्याला कळू शकतं. त्याच्या हातातल्या कागदावर ‘१६ लोखंडी ड्रम, २० प्लॅस्टिक ड्रम, ७ कारबॉय, २ जंबो बॅगा’ असं असेल तर तो मोजून सांगू शकतो की एक कारबॉय सापडत नाहीये, नाल्यात बघा. ‘नग ४२’ वाचून तो काय शोधणार?

वजनात आणखी एक गंमत आहे, जी हिशेबवाल्यांना तरी पटेल. दोनशे लिटरचा रिकामा लोखंडी ड्रम साधारण अठरा-वीस किलोचा असतो, प्लॅस्टिकचा त्याच्या निम्मा. चाळीस लोखंडी ड्रम म्हणजे पाऊण टन नुसतं लोखंड. पॅकिंग कसलं ते लिहिलंच नाही तर तुमचा ८.४ टन कचरा खरा किती आणि डबे किती, हे वर्षाच्या शेवटी फॉर्म ४ चं रिटर्न भरताना कुणालाच सांगता येत नाही. मग ते भरायची शेवटची तारीख, ३० जून, जवळ आली की मला फोन येतात, ‘जरा मागच्या वर्षीच्या गाड्यांचं बघून सांगा ना.’

तुम्ही म्हणाल, एवढं कोण बघतंय? बघतात. कधी बघतात ते पीथमपुरात राहणाऱ्यांना मी सांगायला नको. १ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन कचरा बारा सीलबंद कंटेनरमधून निघाला आणि सुमारे अडीचशे किलोमीटर चालून २ तारखेच्या पहाटे आपल्याकडे पोचला. हायकोर्टाने ३ डिसेंबर २०२४ ला आदेश दिला होता, दुर्घटनेला बरोबर चाळीस वर्षं होत होती. पुढे काय झालं ते सगळ्यांना आठवतं. पीथमपूर बंद, दगडफेक, दोघांनी स्वतःला पेटवून घ्यायचा केलेला प्रयत्न. कंटेनर इथल्या कचरा जाळायच्या प्रकल्पाच्या आवारात सीलबंद उभे, आणि शहरभर एकच प्रश्न, त्यात आहे काय?

त्या प्रश्नाला उत्तर होतं, हे महत्त्वाचं. १६२ टन माती, ९२ टन सेव्हिन (कीटकनाशक) आणि नॅफ्थॉलचे अवशेष, ५४ टन अर्धवट तयार झालेलं कीटकनाशक, २९ टन रिॲक्टरमधला गाळ. लोकांचा त्या आकड्यांवर विश्वास बसला की नाही ही वेगळी बाब, आणि तो का बसला नाही याचीही कारणं आहेत. माझ्या मते तर लोकांना आधी सांगून मग गाड्या आणल्या असत्या तर निम्मा गोंधळ टळला असता. पण कोर्टात उभं राहून बोलायला, चाचण्यांचं वेळापत्रक ठरवायला, कशात काय मिसळून किती वेगाने जाळायचं ते ठरवायला कुठला माल किती याची यादी हाताशी होती. तीन चाचण्या झाल्या, ताशी १३५ किलोपासून २७० किलोपर्यंत वेग वाढवत नेला, आणि जून २०२५ अखेर सगळा कचरा जाळून झाला. त्या जागी ‘मिक्स वेस्ट, ३३७ टन, नग १२’ असा कागद आला असता तर?

त्या बारा गाड्यांबरोबर पोलीस होते, ॲम्ब्युलन्स होत्या, अग्निशमनच्या गाड्या होत्या, रस्ता मोकळा केलेला होता. त्याच रस्त्यावरून आमची गाडी एखाद्या मंगळवारी जाते तेव्हा तिच्यात एक ड्रायव्हर, एक क्लीनर आणि एक प्लॅस्टिकची फाइल असते. ताफा नसतो म्हणून फाइल भरलेली हवी. आणि सगळ्याच गाड्या काही पीथमपूरला जात नाहीत. वापरलेलं सॉल्व्हंट शुद्ध करायला झाबुआवरून गुजरातकडे जातं, काही माल सिमेंट भट्ट्यांसाठी नीमच-चित्तोडगडच्या बाजूला. मध्येच राज्य बदलतं, बोली बदलते, पोलिसांची वर्दी तेवढी तीच. तिथल्या माणसाला तुमचा कारखाना माहीत नसतो, तुमचा ‘नेहमीचा माल’ माहीत नसतो. त्याला फक्त कागद.

कायदा काय म्हणतो, हे विचारणारेही भेटतात. ‘फॉर्ममध्ये संख्या मागितलीय, प्रकार मागितलेला नाही.’ अक्षरशः बघितलं तर बरोबर आहे. पण त्याच फॉर्मच्या चौदाव्या रकान्यात तुम्ही कशावर सही करता ते एकदा वाचा. मालाचं वर्णन पूर्ण आणि अचूक दिलं आहे, तो योग्य रीतीने वर्गीकृत, पॅक, चिन्हांकित आणि लेबल केलेला आहे, रस्त्याने न्यायला सर्व दृष्टीने योग्य स्थितीत आहे, असं तुम्ही लिहून देता. पॅकिंग कसलं आहे हे कुठेच न लिहिता पॅकिंग योग्य आहे अशी हमी देणं, याला काय म्हणावं? आणि तेरावा रकाना आहेच, हाताळणीच्या विशेष सूचना आणि जास्तीची माहिती. जागा अपुरी पडली तर तिथे लिहा. नाही कोण म्हणतंय?

अमेरिकेत हा प्रश्न नियमातच सोडवून टाकलाय. त्यांच्या वाहतूक नियमांचं कलम १७२.२०२ सांगतं की धोकादायक मालाच्या शिपिंग पेपरवर पॅकेजची संख्या आणि प्रकार दोन्ही हवेत, ‘१२ ड्रम’ असं. त्यांच्या घातक कचऱ्याच्या मेनिफेस्टमध्ये तर प्रकारासाठी वेगळा रकाना आहे आणि दोन-दोन अक्षरांचे ठरलेले कोड. डीएम म्हणजे धातूचा ड्रम, डीएफ म्हणजे पुठ्ठ्याचा किंवा प्लॅस्टिकचा, टीटी म्हणजे टँकर, बीए म्हणजे बॅग, सीवाय म्हणजे सिलिंडर. दोन अक्षरं लिहायला वेळ तो किती लागतो. आपला फॉर्म दिल्लीहून येतो, तो बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्याला कुणी मनाई केलेली नाही.

प्रकार लिहायला लागलात की आणखी एक फायदा होतो, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा. चूक गाडी भरायच्या आधी कागदावरच दिसते. ‘वापरलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड, ६ एमएस (लोखंडी) ड्रम’ असं कुणी टाइप केलं तर निदान टाइप करणाऱ्याचा तरी हात थांबावा. ॲसिड लोखंड खातं आणि खाताना हायड्रोजन सोडतं. बंद ड्रममध्ये हायड्रोजन साठला की पुढचं सांगायला नको. तो माल एचडीपीईतच, म्हणजे जाड प्लॅस्टिकमध्येच हवा. उलट टोल्युइनसारखं सॉल्व्हंट निळ्या प्लॅस्टिकमध्ये महिनाभर ठेवलं की प्लॅस्टिक मऊ पडतं, फुगतं. वर सांगितलेल्या ड्रमच्या तळाचं तेच झालं असणार. आणि एकाच गाडीत नायट्रिक ॲसिडचे कारबॉय आणि तेलकट चिंध्यांच्या बॅगा? कागदावर एकाखाली एक ओळ आली की शाळेत रसायनशास्त्र शिकलेला कुणीही विचारेल. ‘मिक्स वेस्ट’ मध्ये असला प्रश्न कुणाला पडतच नाही. कदाचित म्हणूनच तो शब्द इतका लोकप्रिय आहे.

मग लिहायचं कसं? मी ज्या कारखान्यांना समजावू शकलो ते असं लिहितात (वर्ग म्हणजे नियमांच्या अनुसूची १ मधला कचऱ्याचा क्रमांक):

वापरलेलं सॉल्व्हंट, वर्ग २०.२, लिक्विड. १२ एमएस ड्रम, बंद तोंडाचे, प्रत्येकी २०० लिटर.

ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया) स्लज, वर्ग ३५.३, सेमी-सॉलिड. ६ जंबो बॅगा, आत लायनर.

तेलकट चिंध्या, वर्ग ३३.२, सॉलिड. ९ एचडीपीई ड्रम, उघड्या तोंडाचे, झाकण-रिंगसह, त्यापैकी १ अर्धा भरलेला.

प्रत्येक कचऱ्याची ओळ वेगळी. खाली एकूण डबे २७. पॅलेटवर बांधले असतील तर ‘३ पॅलेटवर १२ ड्रम’ असं लिहा, पण मोजायचे ड्रमच. गळका ड्रम मोठ्या ड्रममध्ये घातला असेल तर तसं स्पष्ट लिहा, कारण पुढे तो उघडणाऱ्याला आत दुसरा ड्रम आहे हे माहीत हवं. टँकर असेल तर प्रश्नच नाही, एक टँकर, क्षमता एवढी, भरला एवढा. ड्रमवर यूएनचा (संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीचा) पॅकिंगचा शिक्का असेल तर तोही उतरवून घ्या. १ए१ म्हणजे बंद तोंडाचा पोलादी ड्रम, १ए२ म्हणजे सुट्या झाकणाचा, १एच१ आणि १एच२ ही प्लॅस्टिकची तीच जोडी. पण शिक्का जुना आहे आणि ड्रम तीनदा वापरून वाकलाय, तर शिक्क्याच्या भरवशावर राहू नका.

‘आणि किती भरलाय’ हेही महत्त्वाचं. पातळ माल तोंडापर्यंत भरायचा नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण ड्रम वाचवायच्या नादात भरला जातो. अमेरिकेच्या नियमात ५५ अंश सेल्सिअसलाही डबा पातळ मालाने पूर्ण भरून जाता कामा नये असं आहे. आपल्याकडे मे महिन्यात बंद बॉडीच्या गाडीत काय तापमान होतं याचा अनुभव आमच्या पोरांना विचारा.

आता रिकाम्या ड्रमांबद्दल. इथे मला थोडं जास्त लिहायचंय, कारण हा विषय गाडीपुरता राहत नाही, घराघरात शिरतो.

रसायनाचे रिकामे ड्रम, कारबॉय, लायनर हेसुद्धा घातक कचराच आहेत, अनुसूची १ मध्ये ३३.१ हा त्यांचाच वर्ग. ते अधिकृत जागी धुऊन, निष्क्रिय करूनच पुढे जायला हवेत. पण कागदावर पॅकेजचा प्रकार आणि संख्या लिहायची सवयच नसेल तर कारखान्यात किती ड्रम भरून आले, किती कचरा घेऊन गेले आणि किती उरले हा हिशेब कुठेच जुळत नाही. कचऱ्याबरोबर चाळीस ड्रम गेले म्हणायचं, प्रत्यक्षात तीस पाठवायचे, आणि दहा मागच्या गेटाने. ड्रमला भाव आहे. निळ्या ड्रमला तर चांगलाच.

आणि तो निळा ड्रम शेवटी कुठे दिसतो? उन्हाळ्यात ज्या वस्त्यांमध्ये नळ नाही किंवा नळाला पाणी नाही तिथे टँकर येतो तेव्हा दारादारांत रांग लागते ती याच ड्रमांची. कारखान्याच्या गेटाजवळच्या टपऱ्यांवर, लग्नाच्या मांडवामागे आचाऱ्यांजवळ, बांधकामावर. विकणारा सांगतो, ‘धुऊन दिलाय भिया, एकदम साफ.’ कशाने धुतला, किती वेळा धुतला, आणि ते धुतलेलं पाणी कुठल्या नाल्यात गेलं, हे तो सांगत नाही, घेणाराही विचारत नाही. आधी त्यात काय होतं हे तर त्या दोघांनाही ठाऊक नसतं. कधी लेबल खरवडलेलं असतं, कधी अर्धं शिल्लक असतं आणि ते इंग्रजीत असतं. नियमाप्रमाणे आपल्या पिवळ्या लेबलवर इशारा हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत, लाल अक्षरांत, न धुतला जाणारा असायला हवा. तो लावलाच नसेल तर खरवडण्याचेही कष्ट वाचतात.

प्रत्येक मेनिफेस्टवर ‘२० एचडीपीई ड्रम’ असा स्पष्ट आकडा पडला आणि कचरा घेणाऱ्या प्रकल्पानेही तोच आकडा मोजून सही केली, तर ही मागच्या गेटाची वाट बरीच अरुंद होते. बंद होणार नाही, मला तेवढा भाबडेपणा नाही. पण भंगारवाल्याकडे गेलेला ड्रम तुमच्या नोंदीत कुठे तरी खटकायला लागेल. सध्या खटकतच नाही.

याच शहरात घराघरांत सहा प्रकारचा कचरा वेगळा होतो, हे आपण बाहेरच्या पाहुण्यांना किती कौतुकाने सांगतो! गाडीचं गाणं ऐकू आलं की सुदामा नगरातली आजी ओला, सुका, प्लॅस्टिक, सॅनिटरी, ई-कचरा, घातक असं वेगळं काढून खाली उतरते. फुटलेला बल्ब वेगळ्या डब्यात गेला नाही तर गाडीवाला तिला टोकतो. २०१७ पासूनच्या स्वच्छतेच्या पहिल्या नंबराचं श्रेय त्या आजीला आहे. आणि ज्यांच्याकडे पगारी केमिस्ट आहे, ईएचएस (पर्यावरण-आरोग्य-सुरक्षा) मॅनेजर आहे, कॉम्प्युटर आहे, ते लिहितात ‘मिक्स’.

हे का होतं हेही मला माहीत आहे, आणि त्यात मुद्दाम केलेली लबाडी कमीच असते. मेनिफेस्ट सकाळी ऑफिसात बनतो, गाडी दुपारी यार्डात भरते. बनवणारा एसीत बसलेला, त्याने गाडी पाहिलेलीही नसते. स्टोअरकीपर फोनवर ‘चाळीसएक होतील’ म्हणतो. भरताना कळतं की चार ड्रम गळके आहेत, म्हणून बॅगेत भरले. जागा उरली म्हणून कोपऱ्यातले कारबॉय टाकले, कचरा आवारात ठेवायची नव्वद दिवसांची मुदत संपत आली होती ना. कागद मात्र सकाळचाच. म्हणून विनंती एवढीच की कागदावर शेवटची सही गाडी भरल्यावर करा, आणि जो सही करतो त्याने गाडीच्या मागे जाऊन डबे मोजा. हमाल तसेही खडूने फळीवर पाच-पाचच्या रेघा मारतातच, त्या रेघा आणि कागद एकदा जुळवून बघा. नाही जुळले तर कागद बदला, रेघा नाही.

मेनिफेस्टच्या सात प्रतींचं काम आहे हे मी जाणतो. पांढरी प्रदूषण नियंत्रण मंडळाला, पिवळी तुमच्याकडे, बाकी पाच गाडीबरोबर. तिकडून गुलाबी माल घेणाऱ्याकडे, केशरी आमच्याकडे, हिरवी पुन्हा मंडळाला, निळी तुम्हाला परत, आणि परराज्यात माल गेला तर राखाडी. एका प्रतीवर खाडाखोड केली की सगळ्यांवर करावी लागते. पण निळी प्रत परत आल्यावर तुमच्यापैकी किती जण ती पिवळीशी ताडून बघतात? घेणाऱ्याने तिथे ‘४५ डबे मिळाले’ असं लिहिलेलं असतं आणि तुमच्या फाइलीत ४२ असतात, आणि दोन्ही कागद एकाच पंचाने भोक पाडून एकाच फाइलीत शेजारी शेजारी लागलेले असतात.

आमच्या धंद्यातल्या लोकांनाही यातून सोडत नाही. सही केलेल्या प्रतीशिवाय माल उचलायचा नाही असा नियम आहे, आणि तो पाळला जातो. पण सही आहे म्हणजे झालं, असं समजून न मोजता गाडी काढणारे ट्रान्सपोर्टर या रस्त्यावर कमी नाहीत. तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेला, लायसन्सवर नोंद असलेला ड्रायव्हर हा पार्टीपुढे बोलू शकत नाही, कारण पुढची गाडी दुसऱ्याला मिळेल. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार त्याला मालाची पूर्ण माहिती देणं ही माल पाठवणाऱ्याची जबाबदारी आहे. त्याने विचारलं तर चिडू नका. ‘तुला काय करायचंय, तू गाडी चालव,’ हे वाक्य मी पीथमपूरच्या एका गेटावर स्वतःच्या कानांनी ऐकलंय. धामनोदजवळच्या गणेश घाटात ब्रेक तापलेले असताना मागे जे आहे त्याचं काय करायचं हे त्यालाच बघायचं असतं.

प्रदूषण नियंत्रण मंडळातल्या अधिकाऱ्यांनी हे पत्र वाचलं तर त्यांच्यासाठीही दोन ओळी. तपासणीला येता तेव्हा तुम्ही ऑथोरायझेशन बघता, वर्षाची मर्यादा ओलांडली का बघता, शेड आणि फरशी बघता. एखाद्या दिवशी गेटावर उभ्या असलेल्या भरल्या गाडीचे डबे मोजा आणि अकराव्या रकान्याशी ताडा. दंड करायची गरज नाही. एकदा मोजलेत तरी पुढची दोन वर्षं त्या वसाहतीत सगळे मोजतील.

६ जानेवारी २०२२ ला सुरतेच्या सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधून बेकायदा नाल्यात सोडलेल्या रसायनातून वायू तयार झाला आणि शेजारच्या गिरणीतले सहा कामगार गेले. ती गोष्ट डबे मोजून थांबली असती असं मी म्हणत नाही, तिथे मुळात हेतूच वाईट होता. पण आपल्या गाड्या त्याच दिशेने जातात, आणि चांगल्या हेतूच्या गाडीला वाईट हेतूच्या गाडीपासून वेगळं ओळखायचं साधन रस्त्यावरच्या माणसाकडे एकच आहे, कागद आणि माल जुळतात का ते बघणं.

सोमवारपासून आमच्या गाड्यांच्या ड्रायव्हरांकडे एक नमुना पान दिलंय. वर लिहिल्या तशा ओळींसाठी आखलेलं, मराठी-हिंदी दोन्हीत, मेनिफेस्टच्या तेराव्या रकान्याला जोडता येईल असं. गाडी यार्डात लागली की त्याच्याकडून मागून घ्या, भरताना पेन्सिलीने भरा, मग ऑफिसात टाइप करा. ज्यांना ते नको असेल त्यांनी आपलं वापरावं, हरकत नाही. फक्त ‘नग’ लिहून आलेला कागद मी यापुढे परत पाठवणार आहे, आणि गाडी तोवर तुमच्याच गेटात उभी राहील. मालकांशी तसं बोलणं झालेलं आहे.

कळावे,
आपला,
कागदांवर बसलेला एक इंदूरकर